दृष्टीशी निगडित अर्धशिशी : स्वरूप आणि व्यवस्थापन (पनवेल परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

अर्धशिशी हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. डोक्याची एक बाजू ठणकणे, मळमळणे, उजेड व आवाज नकोसा होणे, अंधाऱ्या खोलीत डोक्याला घट्ट फडके बांधून पडून राहणे, हे या व्याधीचे चित्र घरोघरी परिचित आहे. परंतु या व्याधीचे एक रूप असे आहे की, त्याचा आरंभ डोकेदुखीने न होता दृष्टीतील बिघाडाने होतो. वाचता वाचता ओळीतील एखादे अक्षर दिसेनासे होते. समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचा अर्धा चेहरा हरवतो. हळूहळू त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक चकाकणारी, थरथरणारी, दातेरी रेघ उमटते. ती मोठी होत होत नजरेच्या एका बाजूला सरकते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी दिसेनाशी होते. त्यानंतर डोके दुखू लागते, क्वचित दुखतही नाही. आधुनिक वैद्यक या अवस्थेला ‘ऑरा’ असे म्हणते. मराठीत तिला ‘पूर्वसूचना’ म्हणता येईल.

मराठी भाषेने दुखण्याला नाव दिले, परंतु दुखण्यापूर्वीच्या या दृष्टिबिघाडाला स्वतंत्र नाव दिले नाही, ही बाब वरवर पाहता केवळ भाषिक वाटते. वस्तुतः तिचे परिणाम वैद्यकीय आहेत. ‘अर्धशिशी’ या शब्दातच अर्ध्या मस्तकाचा निर्देश आहे, डोळ्यांचा नाही. त्यामुळे नजरेपुढे चमकती रेघ आलेला रुग्ण तिचे वर्णन ‘अंधारी आली’, ‘डोळ्यांपुढे काजवे चमकले’, ‘तिरमिरी आली’, ‘जाळे आले’ अशा शब्दांत करतो. यांपैकी अंधारी रक्तदाब उतरल्यानेही येते, तिरमिरी उपवासानेही येते आणि जाळे हा शब्द मोतीबिंदूलाही लावला जातो. ऐकणारा डॉक्टर त्या शब्दाप्रमाणे दिशा ठरवतो आणि मूळ व्याधी अनेकदा निसटते. प्रस्तुत लेखात या व्याधीची कारणमीमांसा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या परंतु अधिक गंभीर अशा व्याधींपासून तिचा भेद आणि तिचे व्यवस्थापन यांचा विचार केला आहे.

पनवेल परिसराची पार्श्वभूमी :

या विषयाचा विचार करण्यासाठी पनवेल हे एक सोयीचे ठिकाण आहे. कोकणाचे प्रवेशद्वार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर ही आयुर्वेदीय औषधनिर्मितीची संस्था सुरू केली. त्यामुळे शिरोरोगावरील काढे, रसकल्प व नस्यतेले ही येथील जुन्या घरांना अपरिचित नाहीत. दुसऱ्या बाजूस लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट व नवीन पनवेलमधील शंकरा नेत्र रुग्णालय अशा नेत्रोपचाराच्या संस्था येथे आहेत आणि कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. नजरेत बिघाड झाला की माणूस प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे जातो, हे स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. अडचण त्यानंतर निर्माण होते. डोळा निर्दोष आहे असे कळल्यावर ‘काही नाही, डोळे चांगले आहेत’ या वाक्यावर शोध थांबतो. काही रुग्ण चष्म्याचा नंबर पुन्हापुन्हा तपासून घेतात. नंबर बदलल्याने डोळ्यांवरील ताण कमी होईल, परंतु चमकती दातेरी रेघ थांबणार नाही, कारण तिचा उगम डोळ्यात नाही.

पनवेलच्या जीवनक्रमातही या व्याधीला चेतवणारे अनेक घटक आहेत. १९९८ पासून हार्बर मार्गाची लोकलसेवा पनवेलपर्यंत आली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे नोकरीस जाणारा पनवेलकर दररोज एका दिशेने सुमारे ४९ किलोमीटर प्रवास करतो. पहाटेचे उठणे, अर्धवट झोप, सकाळची न्याहारी टळणे व उन्हातून स्थानक गाठणे हे त्याच्या दिनचर्येचे भाग आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ कळंबोलीजवळ होतो, तर न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरवाहनांची रांग याच तालुक्यातून जाते. वाहनचालकाच्या दृष्टीने या व्याधीचा अर्थ काय होतो, याचा विचार पुढे केला आहे.

प्राचीन वैद्यकातील उल्लेख :

आयुर्वेदात या व्याधीला ‘अर्धावभेदक’ अशी संज्ञा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले असून त्यांत अर्धावभेदकाचा समावेश होतो. ही वेदना दर पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उद्भवते असे तेथे म्हटले आहे. पाळीने येणाऱ्या दुखण्याची ही नोंद आजच्या निदानपद्धतीशीही जुळते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात मान, भुवई, शंखप्रदेश, कान, डोळा व कपाळ यांच्या अर्ध्या भागात होणाऱ्या तीव्र वेदनेचे वर्णन आहे. कारणांमध्ये रूक्ष अन्न, पहिले अन्न पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, पूर्वेकडील वारा, दव, वेगांचा अवरोध व अतिश्रम यांचा निर्देश आहे. व्याधी फार वाढल्यास ती डोळ्याचा किंवा कानाचा नाश करते, असा इशाराही चरकाने दिला आहे.

हा इशारा लक्षवेधी आहे. केवळ आजच्या अर्थाने अर्धशिशी असलेल्या रुग्णाचा डोळा सहसा जात नाही. तेव्हा अर्ध्या डोक्याची तीव्र वेदना आणि त्यानंतर अंधत्व असे जे रुग्ण प्राचीन वैद्यांनी पाहिले असतील, त्यांतील काहींना आज आपण तीव्र काचबिंदू म्हणतो तो विकार असावा, असा तर्क करता येतो. अर्थात हा तर्कच आहे. सूर्य चढेल तसे वाढणारे व मावळतीला उतरणारे ‘सूर्यावर्त’ हे दुखणेही ग्रंथांत स्वतंत्र सांगितले आहे. लोकव्यवहारात मात्र दोहोंची सरमिसळ झाली आणि ‘सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खावी’ हा घरगुती उपाय दोहोंसाठी सांगितला जाऊ लागला. त्यातील जिलेबीला औषध म्हणता येणार नाही, परंतु पहाटे पोटात काही अन्न जाते एवढा त्यातील भाग निरर्थक नाही. रिकामे पोट हे अर्धशिशीचे एक ठळक निमित्त आहे.

आयुर्वेदातील निदानपंचकात ‘पूर्वरूप’ ही एक पायरी आहे. व्याधी पूर्ण प्रकट होण्यापूर्वीची लक्षणे म्हणजे पूर्वरूप. ‘ऑरा’ या कल्पनेच्या जवळ जाणारा शब्द आपल्या परंपरेत होता, परंतु तो अर्धशिशीच्या दृष्टिलक्षणांना लावून रूढ झाला नाही.

दृष्टीत नेमके काय घडते :

डोळा प्रकाश ग्रहण करतो, परंतु ‘पाहण्याचे’ कार्य मेंदूच्या मागील भागात, डोक्याच्या पाठच्या बाजूस असलेल्या दृष्टिकेंद्रात होते. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नेत्रचेता मेंदूच्या तळाशी एकत्र येतात व त्यांतील काही तंतू बाजू बदलतात. या रचनेमुळे दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याचा डावा भाग मेंदूच्या उजव्या गोलार्धाकडे व उजवा भाग डाव्या गोलार्धाकडे जातो. म्हणूनच दृष्टिकेंद्राच्या एका बाजूस बिघाड झाला तर तो ‘एका डोळ्यात’ होत नाही. तो दोन्ही डोळ्यांच्या एकाच बाजूच्या दृश्यात होतो. रुग्णाला मात्र ‘उजव्या डोळ्याने दिसत नव्हते’ असेच वाटते. खरे-खोटे ठरविण्याची परीक्षा सोपी आहे. लक्षण चालू असताना आळीपाळीने एकेक डोळा हाताने झाकावा. कोणताही डोळा झाकला तरी चमकती रेघ दिसत राहिली, तर दोष मेंदूतील दृष्टिकेंद्राकडे आहे. एक डोळा झाकल्यावर ती नाहीशी होत असेल, तर दोष त्या डोळ्याचा किंवा त्याच्या रक्तपुरवठ्याचा असण्याचा संभव अधिक. या एका निरीक्षणाने डॉक्टरचे अर्धे काम होते. दुर्दैवाने बहुसंख्य रुग्ण त्या वेळी घाबरून दोन्ही डोळे मिटून घेतात.

ही रेघ का सरकते, याचे उत्तर मिळण्यास वैज्ञानिकांना बराच काळ लागला. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचे पुत्र ह्यूबर्ट एअरी यांनी १८७० साली स्वतःला दिसणाऱ्या आकृतींची टप्प्याटप्प्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील दातेरी कमान युरोपातील किल्ल्यांच्या कोनाकोनांच्या तटबंदीसारखी दिसते, म्हणून या दृश्याला पाश्चात्य वैद्यकात तटबंदीचे नाव मिळाले. सह्याद्रीतील आपल्या गडांचा तट कड्याच्या वळणाने जातो, त्यामुळे ही उपमा मराठी वाचकाला तितकीशी भिडत नाही. करवतकाठी लुगड्याचा काठ डोळ्यांसमोर आणावा आणि तो चंदेरी दिव्यांनी लखलखत आहे अशी कल्पना करावी, म्हणजे रुग्णाला काय दिसते ते अधिक नेमके कळते.

पुढे १९४१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या पूर्वसूचनेच्या वेळी त्या कमानीच्या जागा घड्याळ लावून कागदावर टिपल्या आणि मेंदूच्या पृष्ठभागावर हा बिघाड मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने पसरत असावा, असे अनुमान काढले. त्यांच्याजवळ मेंदू पाहण्याचे कोणतेही यंत्र नव्हते. १९४४ साली ब्राझीलचे संशोधक ॲरिस्टिडिस लिआव यांनी सशाच्या मेंदूवरील प्रयोगांत विद्युत्क्रिया मंदावत नेणारी एक संथ लाट पाहिली. तिचा वेगही जवळपास तेवढाच होता. २००१ साली चुंबकीय अनुनाद प्रतिमांद्वारे पूर्वसूचना चालू असलेल्या रुग्णाच्या मेंदूत अशी लाट सरकताना दिसली आणि लॅशली यांचे अनुमान योग्य दिशेचे होते हे स्पष्ट झाले.

ही लाट दोन पदरी असते. तिच्या अग्रभागी चेतापेशी अतिशय उत्तेजित होतात, त्यामुळे चमक व दातेरी रेघा दिसतात. मागच्या बाजूस त्या काही काळ निःशब्द होतात, त्यामुळे तेथे काहीच दिसत नाही. दृष्टिकेंद्रातील पेशी रेषा व कडा ओळखण्याचे कार्य करतात, म्हणून उत्तेजनाचे रूपही गोलाकार डागांचे नसून कोनाकोनांच्या रेघांचे असते. मिनिटाला ३ मिलिमीटर या वेगाने ६ सेंटिमीटर अंतर कापण्यास २० मिनिटे लागतात. रुग्ण सांगतो तो कालावधी साधारण तेवढाच असतो. नजरेच्या मध्यभागासाठी मेंदूत फार मोठी जागा राखलेली आहे व कडेसाठी थोडी. त्यामुळे लाटेचा वेग तोच असूनही मध्यभागी रेघ रेंगाळल्यासारखी वाटते आणि कडेकडे जाताना धावू लागते. ही लाट पुढे मेंदूच्या आवरणांतील त्रिशाखी चेतेच्या तंतूंना चेतवते व त्यातून डोकेदुखी सुरू होते, असे आज मानले जाते. वेदनेच्या या साखळीत ‘सीजीआरपी’ नावाच्या प्रथिनकणाचा मोठा वाटा आहे आणि अलीकडील नवी औषधे त्यालाच रोखतात.

अर्धशिशीच्या रुग्णांपैकी साधारणतः एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश जणांना पूर्वसूचना अनुभवास येते व तिचे सर्वाधिक आढळणारे रूप दृष्टीशीच संबंधित असते. काहींना त्यानंतर हाताच्या बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या चढत जातात, तर काहींना शब्द सुचत नाहीत. व्याधीचे एकूण प्रमाण लहान नाही. शेजारच्या कर्नाटक राज्यातील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लोकसंख्याधारित पाहणीत अर्धशिशीचे वार्षिक प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते, असा जगभरचा अनुभव आहे.

अर्धशिशीसारख्या दिसणाऱ्या व्याधी :

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण येथील चूक दृष्टी घेऊ शकते. पूर्वसूचनेची ओळख तीन गोष्टींवरून पटते : ती हळूहळू, किमान ५ मिनिटे घेत पसरते, ५ ते ६० मिनिटांत पूर्ण नाहीशी होते, आणि तिच्यात केवळ अंधार नसून चमक, रेघ, लकाकी असे काही ‘अधिकचे’ दिसते. शिवाय ती वारंवार, जवळपास त्याच क्रमाने येते. या चौकटीत न बसणारे लक्षण अर्धशिशीच्या नावाखाली घरी सोसू नये.

पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीला रात्री अचानक एका बाजूचे डोके व डोळा असह्य दुखू लागतो, उलट्या होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात व नजर धूसर होते. घरातील मंडळी म्हणतात, ‘हिची जुनी अर्धशिशी उठली.’ वेदनाशामक गोळी दिली जाते व सकाळची वाट पाहिली जाते. हा तीव्र काचबिंदूचा झटका असू शकतो. डोळ्यातील द्रव बाहेर पडण्याचा अरुंद कोन अकस्मात बंद होऊन दाब वाढतो आणि काही तासांतच नेत्रचेतेला कायमची इजा होऊ लागते. या प्रकारचा काचबिंदू आशियाई लोकांत विशेष आढळतो. डोळा लाल झाला आहे का, बाहुली मोठी व स्थिर दिसते का, दुखणाऱ्या डोळ्याने अंधुक दिसते का, हे टॉर्चच्या उजेडात पाहण्यास कोणत्याही पदवीची गरज नाही. यांपैकी काहीही आढळल्यास त्याच रात्री नेत्ररुग्णालय गाठले पाहिजे.

दुसरा घात दृष्टिपटल सुटण्याचा. येथेही चमक दिसते, परंतु ती एकाच डोळ्यात, विजेच्या क्षणिक रेषेसारखी असते. तिच्याबरोबर काळे ठिपके वाढतात व नंतर एका कडेने पडदा ओढल्यासारखे दिसते. हा पडदा वीस मिनिटांनी जात नाही. मोठ्या उणे नंबरचे म्हणजे दूरचे न दिसणारे जाड भिंगाचे चष्मे वापरणारे व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले यांनी याबाबत अधिक सावध राहावे.

मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही काळ खंडित झाल्यास अर्धी नजर जाऊ शकते. तेथे मात्र सर्व काही एकाच क्षणी घडते, पसरत नाही. चमक नसते, केवळ अंधार असतो. जोडीला तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे अशी लक्षणे असल्यास तो पक्षाघाताचा इशारा समजावा. पन्नाशीनंतर कानशिलातील धमनी ठणकणे व चावताना जबडा दुखणे, स्थूल तरुण स्त्रीला वाकताना क्षणभर दिसेनासे होणे, काही सेकंद रंगीत वर्तुळे दिसून भान हरपणे, ही प्रत्येक स्थिती वेगळ्या रोगाकडे बोट दाखवते व तज्ज्ञाकडून तपासणी मागते. आयुष्यातील पहिलीच पूर्वसूचना चाळिशीनंतर आली, किंवा ती तासाहून अधिक काळ टिकली, तरीही हाच नियम लागू होतो. वृद्धांना डोकेदुखीविना नुसतीच चमकती रेघ दिसू शकते व ती बहुधा निरुपद्रवी असते. परंतु ‘बहुधा’ हा शब्द तपासणीनंतर उच्चारावा.

व्यवस्थापन :

प्रथम एक अप्रिय वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. एकदा सुरू झालेली पूर्वसूचना खात्रीने थांबवील असे औषध आज उपलब्ध नाही. ती आपल्या वेळेने जाते. तेवढा वेळ काय करावे व काय करू नये, एवढेच रुग्णाच्या हाती असते.

वाहन चालवणाऱ्याने ताबडतोब गाडी कडेला घेणे हे पहिले कर्तव्य होय. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा चालक २० मिनिटांत सुमारे २७ किलोमीटर अंतर कापतो. द्रुतगती मार्गावर एवढे अंतर तो समोरचा अर्धा रस्ता न दिसताच कापणार असतो. ‘अर्धे दिसते आहे, जाईन सावकाश’ हा विचार अधिक घातक, कारण मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो आणि तेथे वाहन नाही असेच चालकाला वाटते. दुचाकीस्वार, लोकलच्या दारात उभा असलेला प्रवासी, यंत्रावर काम करणारा कामगार आणि विळीवर भाजी चिरणारी गृहिणी यांनाही हेच लागू आहे.

औषधाच्या वेळेबाबत गोंधळ आढळतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन यांसारखे वेदनाशामक लवकर घेतले तर अधिक गुण येतो. पोटातील व्रण, मूत्रपिंडाचे विकार किंवा गर्भारपण असल्यास मात्र ती स्वतःहून घेऊ नयेत. अर्धशिशीच्या वेळी जठराचे कार्य मंदावते, गोळी पोटातच पडून राहते, म्हणून डॉक्टर उलटीवरील औषध जोडीला देतात. ‘ट्रिप्टान’ वर्गातील गोळ्या पूर्वसूचना चालू असताना न घेता डोकेदुखी सुरू होताच घ्याव्यात, असा निर्देश आहे. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांना त्या वर्ज्य आहेत. अर्गोटामीन व ट्रिप्टान २४ तासांच्या आत एकत्र घेऊ नयेत, ही सूचना औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

परस्पर गोळ्या घेण्याचा दुसरा तोटा अधिक सूक्ष्म आहे. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके, अथवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान, अर्गोटामीन वा मिश्र गोळ्या असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर औषधच डोकेदुखीचे कारण बनते. रोज उठल्या उठल्या डोके दुखते म्हणून रोज गोळी घेतली जाते आणि गोळी घेतली जाते म्हणून रोज डोके दुखते. हे चक्र गोळी बंद केल्याशिवाय तुटत नाही. पहिले काही दिवस त्रास वाढतो, त्यामुळे हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावे.

महिन्यातून चार किंवा अधिक दिवस व्याधी कामात अडथळा आणत असेल, तर रोज घ्यावयाच्या प्रतिबंधक औषधांचा विचार होतो. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णास देत नाहीत. ॲमिट्रिप्टिलीन झोप आणते, त्यामुळे ते रात्री देतात. आपल्याकडे फ्लुनारिझिनही बरेच वापरले जाते. टोपिरामेट हे उपयुक्त औषध आहे, परंतु नेत्रविषयक लेखात त्याचा वेगळा उल्लेख अनिवार्य ठरतो. क्वचित प्रसंगी, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, ते दोन्ही डोळ्यांत अचानक दूरचे अंधुक दिसणे व तीव्र काचबिंदू निर्माण करू शकते. तेव्हा ‘अर्धशिशीच वाढली’ असे समजून तीच गोळी चालू ठेवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. टोपिरामेट व व्हॅलप्रोएट ही दोन्ही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने तरुण स्त्रियांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. सीजीआरपीला रोखणारी नवी औषधे भारतातही मिळू लागली आहेत. त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

आयुर्वेदीय उपचारांत शार्ङ्गधरसंहितेतील पथ्यादि काढा तसेच षड्बिंदू तेलाचे नस्य परंपरेने दिले जाते. नस्य हे वैद्याच्या देखरेखीखालील कर्म आहे, यू-ट्यूबवर पाहून करावयाचे नव्हे. काढ्याबरोबर इतर गोळ्या चालू असल्यास दोन्ही उपचारकांना परस्परांच्या औषधांची माहिती द्यावी. डोळ्यांची तपासणी झालेली नसताना केवळ शिरोरोग म्हणून उपचार सुरू करणे कोणत्याही पद्धतीत समर्थनीय नाही.

दिनचर्येच्या संदर्भात सर्वांत स्वस्त साधन स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलेच असते. मराठी घरात ‘कालनिर्णय’च्या चौकटीत दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख व मोलकरणीचे खाडे लिहिले जातात. त्याच चौकटीत डोके दुखल्याची खूण व पूर्वसूचना आल्यास वेगळी खूण करावी. छापील वहीपेक्षा हे साधन एका बाबतीत सरस आहे : त्याच चौकटीत चतुर्थी, एकादशी व श्रावणी सोमवार आधीच छापलेले असतात. तीन महिन्यांनी पान उलटून पाहिले की झटके उपवासाच्या दिवशी येतात, पाळीच्या आसपास येतात, की रविवारी उशिरा उठल्यावर येतात, हे कोणालाही दिसते. उपवासाला येणाऱ्या झटक्यामागे उपाशीपोट असते, तसेच वेळेवर न मिळालेला चहाही असतो. उपवास सोडून द्यावा असे नाही. निर्जळी टाळावी, दर तीन-चार तासांनी दूध, फळ, शिंगाड्याची लापशी असे काही घ्यावे, एवढा बदल पुष्कळदा पुरतो.

प्रकाशाबाबतही तारतम्य हवे. धावत्या गाडीतून झाडांच्या सावल्यांची उघडझाप, फडफडणारी ट्यूबलाइट, रात्री समोरून येणारे प्रखर दिवे ही अनेकांना बाधतात. उन्हात टोपी व काळा चष्मा वापरणे योग्य. मात्र घरातही सतत काळा चष्मा लावल्याने डोळे प्रकाशाला अधिकच हळवे होतात.

गर्भनिरोधक गोळी व पूर्वसूचना :

दृष्टिलक्षणाला नाव नसल्याचा सर्वांत गंभीर परिणाम या ठिकाणी दिसतो. पूर्वसूचनेसह अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये रक्ताची गुठळी होऊन होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तरुण वयात मूळ धोका फार थोडा असल्याने दुप्पट होऊनही तो थोडाच राहतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु धूम्रपान व इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळी यांची भर पडली की तो बराच वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत पूर्वसूचनेसह अर्धशिशी असणाऱ्या स्त्रीस, तिचे वय कितीही असो, इस्ट्रोजेनयुक्त मिश्र गोळी निषिद्ध मानली आहे. पूर्वसूचना नसलेल्या अर्धशिशीत इतका कडक निषेध नाही. म्हणजे संपूर्ण निर्णय त्या चमकत्या रेघेवर अवलंबून आहे.

शासकीय आरोग्यव्यवस्थेतून मोफत मिळणारी ‘माला-एन’ ही अशीच मिश्र गोळी आहे. ती उपकेंद्रातून व आशा कार्यकर्तीमार्फत पनवेल तालुक्यातील पाड्यापाड्यांपर्यंत पोहोचते. गोळी देताना ‘डोके दुखते का?’ असा प्रश्न विचारला जातो तेव्हा ‘कधीमधी दुखते’ हे उत्तर येते व ते खरेही असते. ‘डोके दुखण्याआधी नजरेपुढे चमकती दातेरी रेघ येते का, ती हळूहळू पसरते का, आणि तेवढा वेळ समोरचे अर्धे दिसत नाही का?’ असे विचारले तर उत्तर वेगळे येऊ शकते. त्या उत्तरासाठी पर्यायही त्याच व्यवस्थेत उपलब्ध आहेत : तांबी, आठवड्याच्या हिशेबाने घेतली जाणारी इस्ट्रोजेनविरहित ‘छाया’ गोळी आणि डॉक्टरच्या सल्ल्याने ‘अंतरा’ इंजेक्शन. गोळी आधीच चालू असताना अशी रेघ प्रथमच दिसू लागली, तर गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरला भेटावे आणि तोपर्यंत निरोध वापरावा.